आमच्याकडे काही फुटत नाही

बॅगेची चेन अर्ध्यावर अडकली होती. मी गुडघा टेकून ती ओढत असताना अंगणातून दादाची हाक आली.

“हेमे! भाईर ये. हातातलं टाक आन् आधी भाईर ये!”

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ धनाजी, भट्टीच्या शेडसमोर उभा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने माखलेले, आणि फोन दोन बोटांच्या चिमटीत, जणू शेपटीने धरलेला उंदीर.

“वाच. मी वाचलोय त्येच हाय का बघ.”

मी वाचलं. डेन्मार्कच्या इंगरबाईंची ऑर्डर होती. त्यांची कॉफीची दुकानं होती आणि गेलं वर्षभर त्या आमच्याकडून मातीचे, झिलई दिलेले कप घेत होत्या. या वेळी त्यांनी नेहमीच्या दुप्पट कप मागितले होते. मुदत मात्र नेहमीचीच.

“दुप्पटच न्हवं?”

“दुप्पट.”

“आत्या!” दादा घराकडे तोंड करून ओरडला. “साखर आण गं! डेन्मार्क पडला पायावर!”

सुभद्राआत्या, आमच्या वडिलांची बहीण, पदराला हात पुसत बाहेर आली. तिने साखरेची चिमूट आधी भट्टीच्या दारावर ठेवली, मग दादाच्या तोंडात, मग माझ्या.

“पोरीच्या पायगुणानं झालं,” ती म्हणाली.

माझा पायगुण सोमवारी हैदराबादला रुजू होणार होता.

आमचं गाव गडहिंग्लजपासून आत, तळ्याच्या काठाला आहे. वडील असेपर्यंत आमच्याकडे मडकी, चुली आणि दिवाळीच्या पणत्या व्हायच्या, आणि ते सगळं आठवडी बाजारात जायचं. मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात एमएससी केलं. परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात वडील गेले. दोन महिन्यांसाठी म्हणून मी घरी आले. त्या दोन महिन्यांत मला शिसं न वापरता झिलई करायचं सुचलं, ती प्रयोगशाळेच्या तपासणीत उतरली, आणि मी सहज म्हणून आमच्या कपांचे फोटो एका ऑनलाइन बाजारावर टाकले. तिथे छोटे कारखानदार आणि परदेशातले खरेदीदार थेट भेटतात. मधला दलाल नाही, इंग्रजीची अडचण नाही. तुम्ही फोनवर मराठीत बोलायचं. समोरच्याला ते त्याच्या भाषेत कळतं, आणि त्याचं उत्तर फोन तुम्हाला मराठीत वाचून दाखवतो.

तो बोलका भाग मला फार आवडला होता. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भट्टीत काय गेलं आणि काय बाहेर आलं ते तिच्याइतकं कोणाच्या ध्यानात नसे. रोज भट्टी उघडली की आत्याने फोनसमोर इंगरबाईंसाठी दोन वाक्यं बोलायची, एवढी सवय मी तिला लावली. काम माझ्यावाचून चालावं, हाच त्यातला हेतू. हैदराबादच्या एका संस्थेत सिरॅमिकच्या प्रयोगशाळेत मला संशोधनाची जागा मिळाली होती. दादाने “एवढी दिवाळी होऊ दे” म्हटलं म्हणून मी ती एकदा पुढे ढकलली होती. दुसऱ्यांदा ढकलता येणार नाही, असं त्यांनी सरळ कळवलं होतं.

“पण दादा,” मी विचारलं, “न विचारता दुप्पट कशी दिली त्यांनी?”

“ईश्वास बसला.”

“आणि आपण कधी स्वीकारली?”

“आपुन कशाला स्वीकारायला पायजे? आपली ताकद जेवढी दावतीय त्याच्या आतली ऑर्डर आसली की आपसूक बसती. तूच सांगितलं हुतंस की.”

मी फोन घेऊन आमचं पान उघडलं. महिन्याची क्षमता जवळजवळ दुप्पट दाखवत होती. मी ती भरलेली नव्हती.

“ही तू वाढवलीस?”

“मी कशाला हात लावतोय त्याला? मशीनच धरतंय, निरोपावरनं.” दादाने फोन परत घेतला. मग उघड्या दारातून दिसणाऱ्या बॅगेकडे त्याची नजर गेली. “सोमवारचं बघू आता. एवढी ऑर्डर हू दे.”

त्याने हे इतक्या सहज म्हटलं, की नाही म्हणायला कुठे जागाच सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तेव्हा दादा भट्टीच्या दाराला हात घालत होता. गॅसची भट्टी, दाराशेजारी तापमानाचा काटा. काटा दोनशेच्या बराच वर होता.

“दादा, अजून गरम आहे.”

“असू दे.”

“शंभराच्या खाली येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?”

“ठरलं हुतं तवा ऑर्डर ल्हान हुती.” त्याने कडी वर केली. “दुप्पट काढायचं तर रोज एक भट्टी बसाय पायजे. निवांत बसून वारा घालत ऱ्हाऊ व्हय तिला?”

दार उघडलं. आतून झळ आली, आणि मग तो आवाज. काचेच्या पेल्यावर कोणी नखाने टिचकी मारावी तसा. एक, मग थोड्या वेळाने दुसरा, मग भट्टीच्या आतल्या कोपऱ्यातून तीनचार एकदम. बाहेरची गार हवा लागली की झिलई आणि माती वेगवेगळ्या वेगाने आकसतात. त्यांचं जुळलं नाही की असा आवाज येतो.

कामाला येणारी छबूताई आणि दुसऱ्या बायका हाताला फडकी गुंडाळून कप काढू लागल्या. प्रत्येक कप कानाशी नेऊन बोटाने वाजवायचा. खणखणीत वाजला तर फळीवर, बद्द वाजला तर कोपऱ्यात पोत्याखाली. पोत्याखालचा ढीग मी याआधी पाहिला नव्हता. गेला महिनाभर मी नव्या तपासणीसाठी कोल्हापूर–गडहिंग्लज करत होते, आणि घरी असले की झिलईच्या बादल्यांत. तो ढीग माझ्या कमरेपर्यंत आला होता.

सगळं काढून झाल्यावर आत्याने कमरेला खोचलेला फोन काढला, तोंडाजवळ धरला आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाली, “राम राम, इंगरबाई. सुभद्रा बोलते. आज भट्टी उघडली. साठ वाढले. बाकी समदं ब्येस.”

आमच्या घरात भट्टीसमोर ‘फुटलं’ म्हणत नाहीत. तसं तर कुणाच्याच घरात म्हणत नाहीत. बांगडी वाढते, नारळ वाढवतो, सांजचा दिवा वाढवतो. आमच्याकडे मडकीही वाढत. वडील बाजारातून आले की आई विचारायची, वाटंत किती वाढली? लहानपणापासून कानावर असलेला शब्द. मी तो ऐकला आणि त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

मग आत्याच्या हातातला फोन बोलला. बाईचा आवाज, सपाट, प्रत्येक शब्दावर सारखंच वजन.

“सुप्रभात, सुभद्रा. साठची वाढ ही अप्रतिम बातमी आहे. तुमच्या प्रगतीचा आम्हाला अभिमान वाटतो.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

“आत्याबाई,” छबूताई म्हणाली, “आपलं जेवढं जास्त वाढतंय, तेवढा ह्या बाईला आनंद हुतोय बघा.”

“गोरी मान्सं ती,” आत्या म्हणाली. “त्यांची रीत न्यारी. आपुन दुःख सांगितलं की ती धीर देत्यात. चांगली बाई हाय.”

“आत्या,” मी विचारलं, “रोज असंच उत्तर येतं?”

“रोज! परवा चाळीस वाढले म्हणलं तर फोननं टाळ्या वाजवल्या की.”

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि शेडच्या पायरीवर बसले. जुने निरोप वरवर सरकवत गेले. प्रत्येक मराठी निरोपाच्या खाली इंगरबाईंना दिसलेलं इंग्रजी होतं. आज उत्पादन वीसने वाढलं. आज चाळीसने वाढलं. आज साठने. त्या प्रत्येक वाक्यानंतर आमच्या पानावरचा क्षमतेचा आकडा थोडा वर सरकलेला.

गणपतीत कोणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेला की जी शीळ घुमते, तिच्यामागचं कारण आम्हाला बीएससीला होतं. स्पीकरचा आवाज माइकमध्ये जातो, मोठा होऊन स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये जातो. इथे तेच चाललं होतं. कप जास्त तडकले की फोन क्षमता वाढवत होता. क्षमता वाढली की ऑर्डर मोठी येत होती. ऑर्डर मोठी आली की दादा भट्टी गरम असताना उघडत होता. आणि भट्टी गरम उघडली की कप आणखी तडकत होते.

दादा माती मळत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण हात थांबले नव्हते. मातीचा गोळा दाबायचा, वळवायचा, पुन्हा दाबायचा.

“कळलं का तुला मी काय म्हणतेय?”

“मला ठाऊक हाय,” तो म्हणाला.

“काय ठाऊक आहे?”

“त्ये वाढलेलं त्यास्नी ज्यादा वाटतंय त्ये.”

“कधीपासून?”

“पयल्या टाळ्या वाजल्या तवापास्नं. मला काय इंग्रजी अगदीच येत न्हाई व्हय? ‘इन्क्रीज’ कळतंय की.”

मी खाली बसले.

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणाला? तिला? सांगितलं की काय हुतंय ठाऊक हाय न्हवं? इतका माल खराब हुतोय म्हणल्यावर आपुन त्या बाजाराच्या यादीतनं भाईर. तूच वाचून दाखवलं हुतंस त्ये नियम. एकदा भाईर गेलो की परत कुत्रं इचारत न्हाई.”

“मग मला तरी सांगायचंस.”

यावर मात्र त्याचे हात थांबले. त्याने मातीतून एक खडा काढला आणि लांब फेकला.

“तुला सांगितलं असतं तर तू मिटवलं असतंस. मिटवून गेली असतीस.”

“आणि ऑर्डर दुप्पट झाली की मी थांबते.”

“मी तसं म्हणलो न्हाई.”

“म्हणू नकोस. तसंच आहे ते. ही ऑर्डर झाली की पुढची येईल, आणखी मोठी. मग तिच्यासाठी थांबायचं.”

“जा की मग!” दादा उसळला. “कोण धरलंय तुला? दार उघडं हाय. जा!” मग एकदम आवाज उतरला. “झिलईत काय बिघडलं तर मला काय कळतंय, हेमे? ती बाई व्हिडिओवर आली की मी नुसतं हसत बसतोय. बा असता तर मडकी केली असती. बाजारात गेलो असतो. तू हे एवढं उभं करून ठेवलंस आन् आता किल्ली घेऊन निघालीस.”

तो खोटं बोलत नव्हता. हेच त्यातलं वाईट होतं.

दुपारी मी माडीवर बसून इंगरबाईंना इंग्रजीत लिहायला घेतलं. माझं मला लिहिता येत होतं. फोनच्या भाषांतराची गरजच नव्हती. ‘एक गैरसमज झाला आहे’ एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं. खालून दादाच्या माती आपटण्याचा आवाज येत होता. छबूताई कुणाला तरी सांगत होती की आता पोरीला गडहिंग्लजला हायस्कुलात घालणार. हे वाक्य पाठवलं की त्या दोघांचं काय होईल ते मला दिसत होतं, आणि पाठवणारी मी दोन दिवसांनी हैदराबादला असणार होते. मागे आग लावून जावं तसं. नाही पाठवलं तर मी जाणारच नव्हते. पुसलेल्या जागी कर्सर लुकलुकत राहिला. मी फोन पालथा ठेवला आणि बॅग उचलून कॉटखाली सारली.

शनिवारी सकाळी मी आणि आत्या तळ्याकाठी माती चाळत होतो. वाळलेली ढेकळं कुटायची आणि चाळणीतून हलवायची. तिला हे काम माझ्याबरोबर करायला आवडे, कारण मी फार बोलत नसे.

“तुझी बॅग दिसंना,” ती म्हणाली.

“कॉटखाली आहे.”

“का?”

“ऑर्डर मोठी आहे, आत्या. झाल्यावर जाईन.”

ती चाळणी हलवत राहिली. बारीक माती खाली पडत होती आणि तिच्या पायांवर बसत होती.

“मी हितं कशी आले, ठाऊक हाय तुला?”

मला वाटत होतं ठाऊक आहे. आत्याला नवऱ्याने टाकलं, असं गावात म्हणत. घरात कोणी तो विषय काढत नसे.

“तुझ्या आईचं धनाजीच्या येळचं बाळंतपण,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी आले. लग्नाला वरीस झालं नव्हतं माझ्या. चार म्हयने ऱ्हायचं ठरलेलं. मग भट्टीचा हंगाम लागला. तुझी आई अंथरुणावर. तुझा बा म्हणला, एवढी भट्टी हू दे. ते न्यायला आलेले, तसेच माघारी ग्येले. फुडं पणत्यांचा येळ आला. तुझा बा म्हणला, एवढी दिवाळी हू दे. ते परत आले, परत माघारी. वाईट न्हवते गं. हसून ग्येले. मला म्हणले, शिमग्याला येतो.”

“मग?”

“मग न्हाई आले. दुसरी क्येली त्यांनी. कोण किती दिस थांबंल?” तिने चाळणीतले खडे बाजूला ओतले. “मला कुणी कोंडलं न्हवतं, पोरी. दार उघडंच हुतं.”

ती हे अगदी कालची भाजी काय होती ते सांगावं तसं सांगत होती. मला मात्र पुढे कुटता येईना. मग मी तिला फोनचं सांगितलं. वाढले म्हटल्यावर तिकडे काय ऐकू जातं, त्याने ऑर्डर कशी फुगते, ऑर्डर फुगली की भट्टी लवकर का उघडते. शब्द शोधून, हळूहळू. दादाला ठाऊक होतं, एवढं सांगितलं नाही.

आत्या चाळणी खाली ठेवून माझ्याकडे वळली.

“म्हंजी मी फोनमंदी बोलत हुते,” ती म्हणाली, “त्यानं तुझी बॅग कॉटखाली ग्येली?”

“तसं नाही, आत्या.”

“तसंच की. माझ्याच तोंडानं धरली व्हय तुला?”

ती उठली. कपडे झटकले नाहीत, चाळणीही उचलली नाही. बांधावरून सरळ घराकडे चालू लागली. मी मागून गेले.

शेडमध्ये दादा भट्टी भरत होता. छबूताई कप हातात देत होती. आत्या भट्टीच्या दाराशी गेली, दारावर हात ठेवला आणि तोच हात कपाळाला लावला. मग फोन काढला.

“इंगरबाई, राम राम. सुभद्रा बोलते,” तिने सुरुवात केली. “एवढे दिवस मी सांगत हुते, वाढले, वाढले. त्ये वाढले म्हंजी...”

तिचं तोंड उघडं राहिलं. शब्द आला नाही. साठ वर्षांत तिने तो भट्टीसमोर कधी उच्चारला नव्हता. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली.

“आत्या, काय करतीयास?” दादाने हातातला कप खाली ठेवला.

“म्हंजी फुटले,” आत्या म्हणाली.

छबूताईने दोन्ही कानांवर हात घेतले.

“फुटले, बाई. समदे फुटले हुते. काल साठ फुटले. त्याच्या आदी चाळीस फुटले. त्याच्याबी आदी. आमच्यात तसं म्हणत न्हाईत म्हणून वाढले म्हणाले. फुटले.”

दादा पुढे झेपावला, पण निरोप गेला होता.

“आत्या, ह्ये काय क्येलंस तू! माझ्या भट्टीम्होरं! बुडवलंस मला!”

“तुझा बा मला कवा जा म्हणला न्हाई,” आत्या म्हणाली. ती मागे सरली नाही. “तू तरी म्हण तुझ्या बहिणीला.”

दादाने खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. तेवढ्यात फोन वाजू लागला. व्हिडिओ कॉल होता. आत्याने तो माझ्या हातात कोंबला.

इंगरबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या, केस ओले. तिकडे सकाळ होती. त्यांना आमचा निरोप धड कळला नव्हता. वाढ फुटली म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले, पण आत्याने मध्येच तोंड घातलं.

“त्यास्नी सांग, आपुन नारळसुदीक वाढवतो म्हणावं!”

फोनने ते ऐकलं आणि लगेच भाषांतर केलं. इंगरबाईंच्या कपाळावर आठी पडली.

“तुम्ही नारळाची शेतीही करता?”

मी भाषांतर बंद केलं आणि त्यांना इंग्रजीत समजावलं. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्यांनी विचारलं, शंभरातले किती फुटतात? मी खरा आकडा सांगितला. तिकडे नळ गळत असावा, तो ऐकू येत होता.

“का फुटतात?”

“भट्टी गरम असताना उघडली जाते.”

“कोण उघडतं?”

दादा माझ्या खांद्यामागे उभा होता. प्रश्न त्याला कळला असावा. तो पुढे आला, मातीचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, “मी. मी ओपन. हॉट. डबल ऑर्डर, म्हणून हॉट.”

इंगरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. व्हिडिओवर तो नेहमी नुसता हसायचा. आज हसत नव्हता.

त्यांनी वाढीव ऑर्डर काढून घेतली. जुनीही निम्म्यावर आणली. कप तडकणं थांबेपर्यंत तेवढीच. यादीतून नाव जाणार नव्हतं, पण नावापुढे पिवळी खूण लागणार होती, म्हणजे नवं गिऱ्हाईक येणार नव्हतं. आणि एक अट. भट्टीला तापमानाचं यंत्र लावायचं, इंटरनेटला जोडलेलं. काटा त्यांनाही दिसला पाहिजे आणि आम्हालाही. ते यंत्र त्या स्वतः पाठवणार होत्या. फोन ठेवण्याआधी त्यांनी आत्याला नमस्कार केला, हात जोडून, जरा वेडावाकडा.

निम्म्या ऑर्डरीत सगळ्यांना काम नव्हतं. छबूताई पुढच्याच आठवड्यात आजऱ्याच्या काजू फॅक्टरीत जाऊ लागली. जाताना तिने आत्याशी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मी एसटी स्टँडवर गेले तेव्हा आत्या एकटीच सोबत होती. दादा सकाळपासून शेडमध्ये होता. मी दाराशी जाऊन “येते” म्हणाले. तो पाठमोरा होता. फिरत्या चाकावरचा गोळा त्याने उगाचच दाबून सपाट केला आणि पुन्हा उभा केला.

याला आता बरीच वर्षं झाली. हैदराबादच्या त्या पहिल्या महिन्यातलं एकच दृश्य मला लख्ख आठवतं. यंत्र नुकतंच बसलं होतं. दादाने ते स्वतः बसवलं. मी व्हिडिओवरून तारा कुठे जोडायच्या ते सांगत होते, पण त्याच्याशी नाही, आत्याशी. आत्या फोन धरून उभी होती आणि माझं बोलणं एका हाताच्या अंतरावर असलेल्या दादाला पुन्हा सांगत होती. दादा माझ्याशी बोलत नव्हता.

त्या दिवशी प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी झाली आणि मी जिन्यात बसून फोनवर आमच्या भट्टीचं पान उघडलं. पडद्यावर एक रेघ. पहाटे गॅस बंद झाल्यापासून ती उतरत होती. चारशे. तीनशे. दोनशे साठ. दादा दार उघडायचा ती जागा आता येत होती. दार उघडलं की रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली येणार, हे मला माहीत होतं. डबा मांडीवर तसाच राहिला.

दोनशे. एकशे ऐंशी. रेघ पडली नाही. उतारावरून बैलगाडी यावी तशी ती येत राहिली, कंटाळवाणी आणि अखंड. आत कोणीतरी मला हाक मारली. मी गेले, काम केलं आणि पुन्हा जिन्यात आले. रेघ शंभराच्या खाली गेली होती. नव्वद. ऐंशी. दार अजून बंद होतं.

तेव्हा निरोप आला. दादाचा आवाज, महिन्याभराने पहिल्यांदा. मागे आत्या कुणाला तरी झाडू मागत होती.

“उघडू का?”

मी अंगठा बटणावर ठेवला. ‘उघड’ म्हणणं सोपं होतं, आणि बरोबरही होतं. मग मी बोलले, “तुझी भट्टी आहे, दादा. तू बघ.”

मी रेघेकडे बघत उभी राहिले. ती पंचाहत्तरवर आली, सत्तरवर आली आणि पासष्टच्या आसपास एकदम तुटून खाली गेली.

मी फोन बंद केला आणि आत कामाला गेले.